लग्नसराईचा आहेर आणि क्रेडिट कार्डाची उधारी

तुळशीचीं लग्नें लागलीं कीं खेड्यापाड्यांत लग्नसराईस आरंभ होतो. सोयाबीन-कापसाचा पैसा कोणाच्या हातीं आलेला असतो, कोणाचा अडत्याकडे अडकलेला असतो; पण मंडप, जेवणावळ व आहेर यांचे खर्च मात्र वेळेवर दाराशीं उभे राहतात. पूर्वीं अशा वेळीं शेतकरी सावकाराची पायरी चढे. आतां पुष्कळांच्या खिशांत क्रेडिट कार्ड असतें. तेव्हां या कार्डाविषयीं व रोख आहेराविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

कार्ड मुळांतच वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. महिन्याचें बिल मुदतींत पुरतें भरणारास खरेदीवर व्याज पडत नाहीं. खरी गोम पुढें आहे. बिलावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते. ती बहुधा शेंकडा ५ च्या सुमारास असते. तेवढी भरली कीं काम भागलें, अशी भोळ्या मनुष्याची समजूत होते. परंतु राहिलेल्या रकमेवर दरमहा दरशेंकडा साडेतीनच्या आसपास व्याज चढतें. म्हणजे सालाचे ४२ टक्के! समजा, ५०,००० रुपये थकले. पहिल्या महिन्याचें व्याज १,७५० रुपये, व त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये. किमान रक्कम म्हणून २,५०० रुपये भरले, तर मुद्दलांत वळते झाले ते अवघे ४३५ रुपये. एटीएममधून कार्डावर रोकड काढल्यास तर पहिल्या दिवसापासून व्याज, आणि वर निराळा आकार.

नोकरदारास पगार दरमहा मिळतो, म्हणून दरमहाचें बिल त्यास पेलतें. आपलें उत्पन्न हंगामाचें आहे. हंगामी उत्पन्न आणि मासिक देणें यांची सांगड बसत नाहीं, हें या प्रकरणांतील मुख्य सूत्र होय. १९९८ सालीं सुरू झालेलें किसान क्रेडिट कार्ड नांवानें सारखें असलें, तरी जातीनें निराळें आहे. त्याची फेड पीक निघून विकलें जाण्याच्या काळाशीं जोडलेली असते. ठरलेल्या मर्यादेपर्यंत पीककर्जावर व्याज ७ टक्के, व मुदतींत फेडणारास ३ टक्क्यांची सूट. लाख रुपयांस एकीकडे सालाचे ४,००० रुपये, दुसरीकडे ४२,०००. या दोन कार्डांचा घोटाळा कोणीं करूं नये.

१८७५ सालीं सुपें व आसपासच्या गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानें, शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाचें कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीहून अधिक महत्त्व दिलें जातें, असें नमूद केलें होतें. आम्हीही लग्नावर सारें खापर फोडीत नाहीं. व्याजाचा दर न विचारतां काढलेलें कर्ज, हेंच तेव्हां घातक होतें आणि आजही आहे.

आतां आहेराविषयीं. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाहीं, म्हणून आपणांस त्या कायद्याशीं कर्तव्यच नाहीं, ही समजूत चुकीची आहे. आहेर हें शेतीचें उत्पन्न नव्हे. वधूवरांस स्वतःच्या लग्नांत मिळालेला आहेर करमुक्त आहे, मग देणारा आप्त असो वा स्नेही. ही सवलत आईबापांच्या नांवें आलेल्या पाकिटांस नाहीं. मुंज, बारसें, वास्तुशांत यांसही नाहीं. तेथें कायद्यानें मानलेल्या नातलगांखेरीज इतरांकडून वर्षांत एकंदर ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम आली, तर सगळीच रक्कम करास पात्र होते. नात्याचा हिशेबही चमत्कारिक आहे: मामानें भाच्यास दिलेलें करमुक्त, भाच्यानें मामास दिलेलें नाहीं, आणि चुलतभाऊ तर त्या यादींतच नाहीं. शिवाय एका प्रसंगीं एकाच मनुष्याकडून २ लाख वा अधिक रुपये रोख घेण्यास २०१७ पासून मनाई आहे. म्हणून मोठी रक्कम बँकेमार्फत द्यावी, आणि मांडवांत लिहिलेली आहेराची वही जपून ठेवावी. विचारणा झाल्यास तीच उपयोगीं पडते.

आमचें सांगणें थोडक्यांत असें. कार्डावर रोकड काढून आहेर करूं नये. ऋण काढून सण करण्याचा तो अत्यंत महाग प्रकार होय. पाकीट लहान असल्यानें नातें तुटत नाहीं, आणि तुटलेंच, तर तें नातें नव्हतें. घरांतील तरुणाचें कार्ड थकलें असेल, तर बापानें रागें भरण्याआधीं हिशेब विचारावा. बापानें मुलास दिलेल्या पैशावर कर नाहीं. शक्य असेल तर तें देणें प्रथम फेडून टाकावें. नवदांपत्यानेंही आहेराचा पैसा सोन्यांत घालण्यापूर्वीं कार्डाची बाकी शून्य करावी. बेचाळीस टक्क्यांच्या कर्जाची फेड करण्यापेक्षां अधिक किफायतीचा व्यवहार आम्हांस तरी ठाऊक नाहीं.