दीड मिनिटाचा विनोद

बालमित्रांनो, नवा सिनेमा येणार असला की त्याच्या आधी त्याचा ट्रेलर येतो. सुरुवातीला शांत संगीत, मग एकदम 'धडाम्', काळ्या पडद्यावर मोठ्ठी अक्षरं, खर्जातला आवाज, पळापळ, कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आणि शेवटी सिनेमाचं नाव. हा साचा तुम्हांला आता पाठ झाला आहे. म्हणूनच त्या साच्यात कुणी भलतंच काही घालून दाखवलं, तर तुम्ही खदखदून हसता. गंभीर गोष्टीची अशी गमतीदार नक्कल म्हणजे विडंबन.

आपल्या मराठीला विडंबन काही नवं नाही. आचार्य अत्र्यांचं 'झेंडूची फुले' हे विडंबन कवितांचं पुस्तक १९२५ सालचं. शंभर वर्षं होऊन गेली त्याला! आजची मुलं हाच खेळ चित्रफितींवर खेळतात. आवडत्या जपानी कार्टूनमधली, म्हणजे 'ॲनिमे'मधली दृश्यं कापायची, वेगळ्याच क्रमाने जोडायची, त्यांवर आपले संवाद चढवायचे आणि जो सिनेमा जगात कुठेच नाही त्याचा ट्रेलर बनवायचा. 'त्यात काय, एका दुपारी होईल!' असं वाटतं खरं. पण होत नाही, बरं का! आज आपण त्यातल्या कटकटींबद्दलच बोलणार आहोत. कारण त्या कटकटीच फार चांगल्या शिक्षिका आहेत.

आधी थोडा इतिहास. १९८२ साली अमेरिकेत जिम कपोस्टास नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने दोन व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर एकमेकांना जोडले. 'स्टार ब्लेझर्स' या जपानी अंतराळमालिकेतली लढाईची, हाणामारीची दृश्यं त्याने निवडली आणि त्यांवर बीटल्स या गायकवृंदाचं प्रेमाचं गाणं लावलं. तोफा धडाडताहेत आणि गाणं प्रेमाचं! पाहणारे हसले. ॲनिमेच्या दृश्यांवर गाणं जुळवून केलेली ही पहिली चित्रफीत मानली जाते.

तेव्हाचं काम कसं चालायचं ते आई-बाबांना विचारा. एका यंत्रावर फीत चालवायची, दुसऱ्यावर उतरवून घ्यायची, आणि नेमक्या क्षणी बटण दाबायचं. मधलंच एक दृश्य लांबलंय असं नंतर लक्षात आलं तर? तिथून पुढचं सगळं पुन्हा! 'मागे घ्या' अशी सोयच नव्हती. शिवाय कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलं की चित्र दर वेळी थोडं धुरकट व्हायचं.

दुसरं उदाहरण २००५ सालचं. रॉबर्ट रायंग या न्यू यॉर्कच्या संकलकाने 'द शायनिंग' हा १९८० सालचा अतिशय भीतिदायक सिनेमा घेतला आणि त्यातलीच दृश्यं वापरून ट्रेलर असा केला की, हा बाप-लेकाच्या मायेचा हसरा-खेळता सिनेमा आहे असंच वाटावं. चित्रं तीच. बदलला तो क्रम, संगीत आणि निवेदकाचा आवाज. चित्रपटाची दृश्यं कापून-जोडून त्याला अर्थ देण्याच्या या कामाला 'संकलन' म्हणतात. त्याच्यात केवढी ताकद आहे, पाहिलंत ना?

आता घरातलं उदाहरण सांगते. माझा भाचा नववीत आहे. 'नारुतो' ही त्याची जीव की प्राण मालिका. त्याने ठरवलं, हिचा ट्रेलर करायचा. सिनेमाचं नाव 'शेवटची प्लेट'. कथा अशी की, गावातल्या हॉटेलात मिसळीची एकच प्लेट उरली आहे आणि ती मिळवण्यासाठी सगळे निंजा जिवाच्या आकांताने धावताहेत. कल्पना झकास! नारुतो इचिराकूच्या दुकानात रामेन नावाच्या रसदार शेवया ओरपतो, हात मागे टाकून वाऱ्यासारखा पळतो. सगळं साहित्य तयारच होतं. दोन मित्र मदतीला आले. शाळेतल्या एका कार्यक्रमात दाखवायचं असंही ठरून गेलं.

पहिली कटकट शोधण्याची. 'नारुतो'ची पहिली मालिका २००२ ते २००७ या काळात आली. तिचे भाग आहेत २२०, आणि एक भाग साधारण तेवीस मिनिटांचा. करा गुणाकार! चौऱ्याऐंशी तास झाले. त्यातून नायक काळजीने एकटाच बसलाय असं तीन सेकंदांचं दृश्य हवं. 'मी पाहिलंय ते, नक्की पाहिलंय!' असं म्हणत भाचा दोन दिवस शोधत होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईने एक जुनी वही दिली. भाग कितवा, मिनिट कितवं, सेकंद कितवा, दृश्यात काय आहे, असे चार रकाने आखले. कंटाळवाणं काम! पण संकलकाचं निम्मं काम अशा वहीतच होतं. दोन मित्रांपैकी एक इथेच गळाला.

दुसरी कटकट कापण्याची. सिनेमात एका सेकंदात चोवीस स्थिर चित्रं डोळ्यांसमोरून जातात. त्या प्रत्येकाला फ्रेम म्हणतात. दीड मिनिटाच्या ट्रेलरमध्ये २,१६० फ्रेम! दृश्य कापताना एक फ्रेम जरी जास्त राहिली, तरी पुढच्या दृश्याची पुसटशी झलक चमकून जाते. सेकंदाचा चोविसावा भाग, पण डोळ्यांना खुपतोच. जेवताना दाताखाली खडा यावा तसा.

तिसरी कटकट आवाजाची, आणि ही सर्वांत चिवट. कार्टूनमधले संवाद, संगीत आणि पावलांचे आवाज आपल्यापर्यंत एकत्र मिसळून येतात. चहात साखर विरघळली की ती वेगळी काढता येते का? तसंच हे. दृश्य मध्येच कापलं की मागचं संगीतही मध्येच तुटतं, आणि पुढच्या दृश्यात भलतंच सुरू होतं. शेवटी भाच्याने मूळ आवाज सगळाच बंद केला आणि स्वतः आवाज तयार करायला घेतले. ताटावर चमचा, दारावर थाप, पिशवीत तांदूळ हलवून पावसाचा आवाज. संवाद बोलायला बसला तर पंख्याची घरघर आली. पंखा बंद केला तर शेजारच्या कुकरने तीन शिट्ट्या दिल्या! अखेर डोक्यावरून रजई घेऊन, घामाघूम होत संवाद रेकॉर्ड झाले. रजईमुळे आवाज भिंतींवर आपटून घुमत नाही, हे शास्त्र त्यात आपोआप शिकून झालं.

चौथी कटकट मोठी मजेदार आहे. ती ओठांची. दूरचित्रवाणीसाठी दर आठवड्याला कार्टूनचा नवा भाग द्यायचा, तर चित्रं थोडी आणि वेळ त्याहून थोडा. ओसामू तेझुका यांच्या 'ॲस्ट्रो बॉय' या मालिकेने १९६३ साली जपानमध्ये कमी चित्रांत काम भागवण्याची रीत रुळवली. एकच चित्र तीन फ्रेम तसंच ठेवायचं, म्हणजे सेकंदाला चोवीसऐवजी आठच चित्रं. बोलताना चेहरा स्थिर, हलतं फक्त तोंड. आणि त्याचीही बहुतेक वेळा तीनच चित्रं: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. म्हणूनच तर ॲनिमेला दुसऱ्या भाषेतले संवादही बऱ्यापैकी शोभतात. तुमच्या आई-बाबांनी लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेलं 'जंगल बुक'सुद्धा जपानी कार्टूनच होतं, पण मोगली आणि शेरखान हिंदी बोलत होते, आणि कुणालाच ते खटकलं नाही!

पण शोभायला मोजमाप लागतं. भाच्याने नायकासाठी लिहिलं होतं, 'काका, अजून थोडी तर्री वाढा ना!' अक्षरं मोजा: बारा. पडद्यावर तोंड उघडत होतं सहाच वेळा. नायकाचं तोंड मिटलं तरी तर्रीची मागणी चालूच! मग वाक्य झालं, 'मला तर्री हवी!' सहा अक्षरं. बसलं चपखल. शिवाय प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरं. ती उच्चारताना ओठ मिटावेच लागतात. म्हणजे वाक्यातला 'म' जिथे तोंड मिटलेलं आहे तिथे आला तर दुधात साखर. व्याकरणाच्या तासाला 'याचा काय उपयोग?' म्हणणाऱ्या मुलाला हे घरी बसून उमगलं.

आणि एक क्लृप्तीही सापडली. नारुतोचे गुरू काकाशी यांचं नाक-तोंड कायम मुखवट्याने झाकलेलं असतं. त्यांचे ओठ दिसतच नाहीत! मग काय, सगळे लांबलचक संवाद गेले काकाशींकडे. जे कुणाला बसले नाहीत, ते पाठमोऱ्या माणसाला दिले.

एवढं करून संगणकाने दगा दिलाच. सगळं जोडून झालं की संगणक प्रत्येक फ्रेम नव्याने तयार करतो. त्याला बराच वेळ लागतो. आकडा ९९ टक्क्यांवर गेला आणि तिथेच थिजला. पुन्हा पहिल्यापासून! मग एके दिवशी भाच्याने शहाण्यासारखी फोल्डर नीट लावली, तर निम्म्या दृश्यांच्या जागी 'फाईल सापडत नाही' असा संदेश. दृश्यं जागची हलवली की संगणक त्यांना जुन्या पत्त्यावर शोधत बसतो. तेव्हा दुसराही मित्र म्हणाला, 'सोड यार.' त्या रात्री भाचा मला म्हणाला, "मावशी, आता मलाच हसू येत नाही. सगळंच फालतू वाटतंय."

मुलांनो, ही शेवटची कटकट, आणि हीच सर्वांत मोठी. विनोद शंभर वेळा पाहिला की करणाऱ्यासाठी तो मरतो. तो खरंच वाईट झालाय की आपण कंटाळलोय, हे आपल्याला कळेनासं होतं. अशा वेळी पुसून टाकायची घाई करू नये. ज्याने एकदाही पाहिलेलं नाही अशा माणसाला दाखवावं आणि आपण पडद्याकडे न पाहता त्याच्या चेहऱ्याकडे पाहावं. भाच्याने आजीला दाखवलं. आजी शांतपणे बघत राहिल्या. मग विचारलं, "तो पिवळ्या केसांचा पोरगा कशासाठी धावतोय रे?"

हे ऐकून भाच्याचा चेहरा पडला. पण प्रश्न अगदी बरोबर होता. मिसळ संपत आली आहे, हे सुरुवातीला कुठेच दाखवलेलं नव्हतं! त्याच्या डोक्यात होतं, पडद्यावर नव्हतं. मग सुरुवातीला रिकाम्या वाडग्याचं दोन सेकंदांचं दृश्य आलं आणि काकाशींचा गंभीर आवाज, "एकच प्लेट उरली आहे." दुसऱ्यांदा दाखवलं तेव्हा आजी तर्रीच्या वाक्याला हसल्या. नंतर शाळेतही हसले. सगळे नाही, पण ज्यांनी 'नारुतो' पाहिलेलं नव्हतं तेही हसले, हे विशेष.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ही चित्रं आपली नाहीत. एकेका सेकंदामागे कुणा चित्रकारांचे कष्ट आहेत. आपल्या देशात १९५७ सालचा कॉपीराइट कायदा आहे. त्यात स्वतःपुरत्या खासगी वापराला आणि समीक्षेला काही सवलती आहेत, पण दुसऱ्याच्या कामाची चित्रफीत जगासमोर टाकणं ही निराळी गोष्ट. तेव्हा मोठ्यांना विचारल्याशिवाय ती कुठेही चढवू नका, विकू तर मुळीच नका, आणि शेवटी मूळ मालिकेचं नाव ठळक अक्षरांत लिहायला विसरू नका.

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मूल तासन्‌तास पडद्यासमोर बसलेलं दिसलं की जीव कासावीस होतो, हे खरं आहे. वेळेची मर्यादा जरूर घाला. पण ओरडण्याआधी एकदा शेजारी बसून 'काय करतोयस?' एवढं विचारा. कार्टून नुसतं बघणं वेगळं आणि ते उसवून त्याची शिवण तपासणं वेगळं. शिवण तपासणाऱ्या मुलाला एक वही द्या आणि त्याच्या विनोदाचे पहिले प्रेक्षक व्हा. हसू आलं नाही, तर का आलं नाही ते खरंखरं सांगा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचा उद्योग. संगणक नको, कात्री नको. कोणतंही कार्टून एक मिनिट आवाज बंद करून पाहा. एखादं पात्र निवडा, त्याचं तोंड किती वेळा उघडतं ते मोजा आणि तेवढ्याच अक्षरांचं मराठी वाक्य लिहा. जिथे ओठ मिटतात तिथे प-फ-ब-भ-म पैकी एखादं अक्षर आणता आलं तर शाबास! आजीला किंवा धाकट्या भावंडाला ते करून दाखवा. हसले तर उत्तम. नाही हसले तर वाक्य बदला आणि पुन्हा करून पाहा.

— तुमच्या बाई