दुपारची सुट्टी ही मेहेरबानी नव्हे

पाटाला पाणी थोडे आणि वाफे पुष्कळ असले, म्हणजे दारे धरणारा काय करतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. एक दार फोडायचे, दुसरे बांधायचे. आपल्या शरीरातही हेच चालते. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. बारीक धमन्यांभोवती स्नायूंची कडी असतात. ती आवळली की त्या अवयवाचे रक्त घटते, सैल झाली की वाढते. १८५१ साली क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशाच्या मानेतील एक मज्जातंतू कापला, तेव्हा त्या बाजूचा कान गरम झाला. धमन्या आवळण्याचा हुकूम मज्जातंतूंतून येतो, हे अशा प्रयोगांतून उमगत गेले.

प्रत्येक अवयवाचा वाटा निराळा. मेंदूला मिनिटाला पाऊण लिटर रक्त लागते, आणि रक्तदाब थोडा वरखाली झाला तरी तो वाटा टिकून राहतो. दोन्ही मूत्रपिंडे मिळून पाव किलोहून थोडी जास्त भरतात, पण रक्त गाळण्याचे काम त्यांच्याकडे असल्याने त्यांना लिटरभर रक्त मिळते. जेवणानंतर आतड्यांचा वाटा वाढतो.

आता ऐन दुपारी उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्याचा विचार करा. स्नायू रक्त मागतात. अंग निववण्यासाठी कातडीही मागते. घामाने तर रक्तातले पाणीच घटलेले असते. मग आतड्यांचे आणि मूत्रपिंडांचे दार आवळले जाते. एखादा दिवस हे सोसते, पण रोज सोसत नाही. एल साल्वादोर व निकाराग्वा या देशांत मधुमेह नसलेल्या तरुण ऊसतोड कामगारांचीही मूत्रपिंडे निकामी झाली. त्यामागे उन्हातले कष्ट आणि पाण्याची तूट यांना तज्ज्ञ मोठे स्थान देतात.

त्यात अंगदुखीच्या गोळीची भर पडते. अडचणीच्या वेळी मूत्रपिंड स्वतः एक द्रव्य तयार करून आपले दार थोडे उघडे ठेवते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या ते द्रव्य बनू देत नाहीत. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय, उपाशीपोटी, उन्हात राबताना ही गोळी घेऊ नये.

बंधुभगिनींनो, बैलाला आपण दुपारी औत सोडून सावलीत बांधतो आणि पाणी दाखवतो. मजुराला मात्र "एवढी सरी संपव" म्हणतो. काम मागे पडेल, अशी तक्रार होईल. त्यावर उपाय आहे. उन्हाळ्यात पहाटे लवकर कामाला लागावे, १२ ते ३ काम बंद ठेवावे. बांधावर सावली आणि पाण्याची घागर हवी. चहावर भागवू नये. लघवी कमी व गडद होऊ लागली, तर काम तिथेच थांबवावे. आणि मुख्य म्हणजे, या विसाव्याची मजुरी कापू नये. मजुरी कापली तर गरीब माणूस सावलीत बसणारच नाही.