साठ करा, पण सगळ्यांसाठी

दरवर्षी 31 मेला राज्यातल्या सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची गर्दी उडते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट 1 जून ही जन्मतारीख लावलेली एक अख्खी पिढी नोकरीत आहे, आणि एक तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. शाल, श्रीफळ, दोन भाषणं. टेबल मात्र पुढे बराच काळ रिकामं राहतं.

मंत्रालयातल्या एकाच मजल्यावरचा हिशेब पाहा. शिपाई साठाव्या वर्षी निवृत्त होतो, आयएएस सचिवही साठाव्या वर्षीच. मधला लिपिक आणि कक्ष अधिकारी मात्र 58 ला घरी. केंद्राने 1998 मध्येच आपल्या कर्मचाऱ्यांचं वय 58 वरून 60 केलं. इथल्या संघटना तेच मागताहेत आणि ती मागणी न्याय्य आहे.

पुण्याच्या अभ्यासिकांमध्ये बसलेल्या मुलामुलींना ती जाचते, हेही खरं. खुल्या गटासाठी राज्यसेवेची वयोमर्यादा 38. दोन वर्षं कुणी निवृत्तच झालं नाही तर जाहिरात निघणार कशी? म्हणून वाढ टप्प्याटप्प्याने करावी, आज रिकाम्या असलेल्या जागा आधी भराव्यात आणि निवृत्तांना करारावर परत बोलावणं बंद करावं.

माझा खरा आक्षेप निवडक अधिकाऱ्यांना साठीनंतर मिळणाऱ्या मुदतवाढीला आहे. राज्याचे तेव्हाचे मुख्य सचिव अजोय मेहता यांना 2019 मध्ये ती मिळाली, 2020 मध्ये पुन्हा मिळाली. दिल्लीत एस. जयशंकर जानेवारी 2015 मध्ये, निवृत्तीला मोजके दिवस उरले असताना परराष्ट्र सचिव झाले. त्यासाठी त्या पदावरच्या सुजाता सिंह यांना मुदतीआधी जावं लागलं. 2017 मध्ये जयशंकर यांना आणखी वर्ष मिळालं. दोघांच्या कर्तबगारीबद्दल वाद नाही. पण निवृत्तीची तारीख माणूस पाहत नाही, हेच तिचं बळ आहे. ती वरच्यांच्या मर्जीने हलू लागली की नोकरीच्या शेवटच्या वर्षात, जेव्हा अधिकाऱ्याला कुणाची भीती उरायला नको, नेमकी तेव्हाच त्याला आस लागते. मंत्र्यांच्या लाडक्या प्रस्तावावर ‘नियमात बसत नाही’ असा शेरा मारताना मग त्याचा हात अडखळतो. त्या शेऱ्यासाठीच तर आपण त्याला आयुष्यभर पगार दिलेला असतो.