महाद्वारापाशी अडलेले पाऊल

धर्माचा विषय निघाला की आमच्या विद्यार्थिबंधूंत दोन तट पडतात. कित्येकांस धर्म हेच भांडणाचे मूळ वाटते. इतरांस धर्माविषयी शंका काढणे हेच पाप वाटते. अध्यात्म, धर्मसंस्था आणि धर्मांधता या तीन निराळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखिल्यामुळे हा घोटाळा होतो, असे आमचे मत आहे.

पंढरपूरचे उदाहरण घ्या. संत चोखामेळा यांची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारापाशी आहे. ज्यांची भक्ती सारा महाराष्ट्र वाखाणतो, त्यांच्याच ज्ञातिबांधवांस त्या समाधीपुढे पाऊल टाकण्याची शतकानुशतके मनाई होती. १९४७ साली साने गुरुजींनी ही मनाई उठविण्यासाठी प्राण पणास लाविले. गुरुजी आम्हां खानदेशवासीयांस परके नव्हेत. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच उतरून घेतली. मंदिरासाठी प्रथम त्यांनी गावोगाव फिरून लोकांची मने वळविली, आणि मग १ मे रोजी पंढरपुरास उपोषण आरंभिले.

ज्यांनी दार अडविले तेही स्वतःस विठ्ठलाचे भक्तच म्हणवीत, हे विसरू नये. स्नान, पूजा, एकादशी यांत ते कोणाहून उणे नसतील. मग भेद कोठे? गुरुजींनी आपल्या श्रद्धेचा भार आपल्याच देहावर घेतला. विरोधकांनी तो दुसऱ्याच्या माथी दिला. धर्मांधता म्हणजे भक्तीचा अतिरेक, ही व्याख्या आम्हांस मान्य नाही. अतिरेकी भक्ती तर चोखोबांचीही होती!

राहिली धर्मसंस्था. तिला सरसकट नावे ठेवणे आम्हांस रुचत नाही. वारीची तिथी आणि दिंडीची शिस्त नसती, तर आमच्या खानदेशातून मुक्ताबाईंची पालखी दरवर्षी पंढरीस कशी पोहोचती? तथापि वाट दाखविणारी संस्थाच दारावर पहाराही बसवू शकते. ख्रिस्ती समाजाने आपण यातून सुटलो असे मानू नये. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची सेवा सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला, आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही त्यात जागा ठेविली.

पंढरपुरास दहा दिवसांच्या उपोषणानंतर मंदिर सर्वांस खुले करण्याचे ठरले. मूर्ती तीच आहे, चंद्रभागा तीच आहे, वारीही चालूच आहे. चोखोबांच्या समाधीपाशी थांबावे लागणारे मात्र आता पायरी चढून आत जातात.