अकराव्या दिवसाची कसोटी

देह एका ठिकाणी आणि मन दुसऱ्याच ठिकाणी, ही आजच्या सुशिक्षिताची नित्याची अवस्था झाली आहे. असे तुकड्यांत जगून थकलेला माणूस शांतीच्या शोधात दूर जातो. सत्यनारायण गोएंका यांच्या प्रेरणेने १९७६ साली इगतपुरीस सुरू झालेल्या विपश्यना केंद्राकडे लोकांचा ओढा आहे, तो यामुळेच. तेथील दहा दिवसांच्या मौनाचे मोल निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो अकराव्या दिवसाचा.

त्याचे उत्तर महामार्गाच्या गजबजाटात वसलेल्या खांबच्या वाचकास फार दूर शोधावयास नको. दक्षिणेस, तळे तालुक्यात कुडे येथे बौद्ध लेणी आहेत. भिक्षूंसाठी कोरलेल्या त्या खोल्या खाडीकाठी, जुन्या व्यापारी वाटेलगत आहेत आणि तेथील ब्राह्मी लेखांत वैद्य, माळी, व्यापारी अशा संसारी माणसांच्या दानाची नोंद आहे. एकांताचे बाजाराशी वैर नव्हते, हाच त्याचा अर्थ.

अर्थात, एका शिक्षकाच्या गळ्यात दोन वर्ग बांधून त्याला मनःशांतीचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. अवधान हे अन्यायावरील औषध नव्हे. परंतु खिडकीपुढील वृद्धाचे म्हणणे कारकुनाने पुरते ऐकणे, विद्यार्थ्याच्या चुकीमागील विचार शिक्षकाने जाणून घेणे, यांस रजा लागत नाही. असे पूर्ण मनाने केलेले एखादे काम त्या वृद्धाला न्याय देते आणि करणाऱ्यालाही दुभंगातून सावरते.