थंडींतील ओली भिंत

थंडीनें नळ फुटण्याची धास्ती अमेरिकेंतील आपल्या मंडळींस. तेथें नळांतील पाण्याचें बर्फ होऊन तें फुगतें व नळी फोडतें. वाशीस तसलें कांहीं होत नाहीं. म्हणून हिंवाळा आला कीं गळतीचा विचार आपण सोडून देतों, आणि आमच्या मतें नेमकें येथेंच चुकतें.

पावसाळ्यांत ओल दिसली कीं सारा दोष पावसाच्या माथीं मारतां येतो. पौषांत ती सोय उरत नाहीं. पाऊस जाऊन दोन महिने लोटले, तरी न्हाणीघरामागील भिंतीचा डाग पसरतोच आहे, तर तें पाणी बहुधा आपल्या नळाचें, नाहीं तर वरच्या बिऱ्हाडाचें. घरास स्वतंत्र मीटर असल्यास रात्रीं सर्व तोट्या बंद करून आंकडा टिपावा व पहांटे पुन्हां पाहावा. शौचकूपाच्या टांकींत कपड्यांची नीळ टाकावी. अर्ध्या तासांत खालच्या भांड्यांत निळाई उतरली तर आंतील झडप गळते असें समजावें.

सेकंदास एक थेंब म्हणजे दिवसास सुमारें चार लिटर. तेवढ्यानें बिल फुगत नाहीं, हें खरें. परंतु स्लॅबमध्यें मुरलेलें हेंच पाणी आंतील सळ्यांस गंज चढवितें, गंजलेली सळई फुगते, आणि सिमेंटचा पोपडा खालीं निजलेल्या मुलाच्या अंथरुणावर पडतो. सिडकोची स्थापना १९७० सालची. तिनें वसविलेल्या या नगरांतील जुन्या इमारतींच्या रहिवाशांस हें निराळें सांगावयास नको.

वरच्या वहिनींस सांगावयाचें कसें, हा संकोच आम्ही जाणतों. संक्रांतीच्या हळदीकुंकवास त्या येतीलच. तिळगूळ दिल्यावर डाग दाखवावा.