हात न लावता!

आज जरा श्वासाबद्दल बोलू या. घाबरू नका, प्राणायाम शिकवत नाहीये!

हॉस्पिटलात ताप, नाडी, बीपी तपासतात, तसेच मिनिटाला किती श्वास होतात हेही मोजतात. निवांत असलेल्या मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २०. तब्येत बिघडायला लागली की बऱ्याचदा हा आकडा आधी वाढतो. आणि दुर्लक्ष होतं तेही नेमकं याच्याकडेच! कारण तो नीट घ्यायचा तर नर्सने मिनिटभर पेशंटच्या छातीकडे बघत उभं राहायला हवं. एवढा वेळ आहे कुणाकडे?

इथे एंट्री घेतं रडार. हो, तेच, विमानं शोधणारं. फक्त भिंतीवरच्या डबीत मावणारं. त्यातून निघालेल्या रेडिओलहरी छातीवर आपटून परत येतात. श्वासागणिक छाती काही मिलिमीटर हलते, हृदयाच्या ठोक्याने तर मिलिमीटरहूनही कमी. परतलेल्या लहरींमधला तेवढासा फरक कॉम्प्युटर पकडतो. पांघरुणातून, अंधारातसुद्धा!

फंडा तसा जुना आहे. सूक्ष्मलहरींनी श्वास मोजण्यावर जेम्स लिन यांचा शोधनिबंध १९७५ साली आला होता. २०१५च्या नेपाळ भूकंपात 'नासा'च्या तंत्रज्ञानावर बनलेल्या 'फाइंडर' यंत्राने चौतारा गावात ढिगाऱ्याखालच्या हृदयाचे ठोके टिपले आणि चार जण जिवंत बाहेर आले. २०२१ मध्ये गूगलने 'नेस्ट हब'मध्ये झोपेतला श्वास मोजणारं रडार बसवलं. अर्थात, ते वैद्यकीय उपकरण नव्हे.

माझी आजी हॉस्पिटलात होती तेव्हा तिची खरी लढाई वायरींशी होती. बोटातली क्लिप ती रात्रीतून चारदा काढून फेकायची. भाजलेले पेशंट, दिवस भरण्याआधी जन्मलेली नाजूक कातडीची बाळं यांना तर साधी चिकटपट्टी सोलून काढणंही त्रासाचं. त्यांच्यासाठी 'हात न लावता' ही चैन नाही, गरज आहे.

पण बॉस, रडार म्हणजे जादू नाही. पेशंट वळवळला की छातीची ती बारीक हालचाल मोठ्या हालचालीत बुडून जाते. खोलीत दोघं असले तर कुणाचा श्वास कुणाचा, हा घोळ होऊ शकतो. रक्तातला ऑक्सिजन बघायला क्लिप लागतेच.

आता मुद्द्याचं. तुम्ही पुण्यात, आई-बाबा साताऱ्यात, आणि असलं काही त्यांच्या खोलीत लावायचा विचार डोक्यात आलाच, तर आधी त्यांना विचारा. रडारला चेहरा दिसत नाही, कॅमेऱ्यापेक्षा ते बरंच. पण बाबा रात्री किती वाजता उठले, किती वेळ पलंगावर नव्हते, हे त्याला कळतं. ही माहिती कुणाला द्यायची हे बाबा ठरवतील. तुम्ही नाही आणि ती डबी विकणारी कंपनी तर नाहीच नाही.

दुसरं म्हणजे, अलार्म वाजेल तुमच्या मोबाइलवर, पुण्यात, रात्री दोनला. दार मात्र उघडायचंय साताऱ्यात! तेव्हा डबीची ऑर्डर द्यायच्या आधी शेजारच्या काकूंना फोन करा आणि घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवा.